ताप चढण्याची वाट पाहू नका: केमोथेरपी चालू असलेली मुले आणि फ्लू

सांगली जिल्ह्यातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला एएलएल प्रकारचा रक्ताचा कर्करोग असून गेले आठ महिने तिची मेन्टेनन्स केमोथेरपी, म्हणजे आजार परतू नये म्हणून दीर्घकाळ दिली जाणारी केमोथेरपी, चालू आहे. वजन १८ किलो. तिच्या बारा वर्षांच्या भावाला दोन दिवसांपूर्वी ताप आला आणि त्याची फ्लूची तपासणी पॉझिटिव्ह निघाली. कालपासून मुलीचेही नाक वाहते आहे, थोडा खोकला आहे, थर्मामीटर ९९.४ दाखवतो. शिक्षणासाठी याच घरात राहणाऱ्या २२ वर्षांच्या भाच्याचे दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले असून त्याला सध्या काहीच त्रास नाही. ताप चढेपर्यंत थांबावे का, आधी तपासणी करून घ्यावी का, केमो चालू असताना लस देत नाहीत हे खरे का, आणि प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी मुलांना गुळवेलीचा काढा द्यावा का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात दिवस घालवणे परवडणारे नाही. थांबू नका. तुमच्या मुलीवर उपचार करणाऱ्या कर्करोग विभागाला आजच, म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, फोन करा आणि तीनच गोष्टी सांगा: भाऊ फ्लू पॉझिटिव्ह आहे, मुलीला कालपासून सर्दी-खोकला आहे, आणि शेवटचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) अमुक तारखेला झाला होता. या तीन वाक्यांवर कोणताही जाणकार डॉक्टर तिला फ्लू आहे असे धरून ओसेल्टामिवीर, म्हणजे ज्याला बहुतेक लोक टॅमीफ्लू म्हणून ओळखतात ते औषध, सुरू करण्याचा विचार करील. एरवी धडधाकट असलेल्या मुलात सर्दीच्या दुसऱ्या दिवशी हे औषध देण्याची घाई मी करत नाही, आणि मागणाऱ्या पालकांना नाही म्हणण्यात माझा बराच वेळ जातो. तुमच्या मुलीची गोष्ट वेगळी आहे.

ती वेगळी का, हे नीट समजून घेतले तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतील. फ्लूमध्ये ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे ही जी लक्षणे दिसतात, त्यातला मोठा भाग विषाणूने केलेल्या नुकसानीचा नसून आपल्या शरीराने त्याच्याशी मांडलेल्या झगड्याचा असतो. झगडणारे सैन्यच कमी असेल तर आवाज कमी येतो, पण शत्रू मात्र आत शिरत राहतो. मेन्टेनन्समधील मुलाला रोज मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट आणि बहुतेक उपचारपद्धतींत अधूनमधून व्हिन्क्रिस्टीनसोबत पाच दिवस स्टिरॉइड मिळत असते. यांतील स्टिरॉइड ताप दाबून टाकते, तर बाकीची औषधे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी करतात. फ्लूचा विषाणू घशातून फुप्फुसात उतरणार की नाही हे ठरवण्यात या लिम्फोसाइटचा मोठा वाटा असतो, त्यामुळे ज्यांच्या रक्तात त्या फारच कमी आहेत त्यांच्यात न्यूमोनिया होण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळते. म्हणून ९९.४ हा आकडा तुमच्या मुलाच्या बाबतीत जेवढा दिलासा देतो, तेवढा मुलीच्या बाबतीत देत नाही.

काही वर्षांपूर्वीचा एक मुलगा मला या संदर्भात नेहमी आठवतो. सात वर्षांचा, हाच आजार, हाच टप्पा. वडील त्याला नेहमीच्या तपासणीसाठी घेऊन आले होते आणि ‘ताप अजिबात नाही, फक्त दोन दिवस जेवत नाही’ एवढेच सांगत होते. आदल्या आठवड्यात त्याचा स्टिरॉइडचा फेरा होऊन गेला होता. मी त्याला शाळेचे नाव विचारले, तर त्याने ते दोन श्वासांत सांगितले. मध्ये थांबला, श्वास घेतला आणि मग उरलेले शब्द बोलला. शर्ट वर करून घड्याळ लावून मोजले तेव्हा श्वास मिनिटाला ४४ होते आणि बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. नाकातल्या स्वॅबची झटपट तपासणी निगेटिव्ह आली होती. आरटी-पीसीआर दुसऱ्या दिवशी एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू, पॉझिटिव्ह आली. तो पुढे बरा झाला, पण त्यासाठी त्याला नऊ दिवस ऑक्सिजनवर राहावे लागले. त्या दिवसापासून मी पालकांना ताप किती हे विचारण्याआधी मूल एका दमात वाक्य पूर्ण करते का, हे विचारतो. तुम्हीही रोज सकाळ-संध्याकाळ, ती शांत बसलेली किंवा झोपलेली असताना, पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहून श्वास मोजा. सहा वर्षांच्या मुलात शांत असताना ३० किंवा त्याहून अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, ओठांवर निळसर झाक, लघवी फारच कमी होणे, किंवा मूल हाक मारल्यावर नीट प्रतिसाद न देता गुंगीत राहणे, यांपैकी काहीही दिसले तर फोनवर बोलत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. घरी पल्स ऑक्सिमीटर असेल तर वापरा, मात्र गार पडलेल्या बोटावर तो चुकीचा आकडा दाखवतो, आणि आकडा चांगला असूनही श्वास वेगाने चालत असेल तर विश्वास श्वासांवर ठेवा.

याच्या उलट, जर ताप आलाच, तर त्याचा अर्थ वेगळा लावावा लागतो. एकदाच का होईना १०१ फॅरनहाइट किंवा तासभर टिकलेला १००.४ फॅरनहाइट ताप, आणि जिवाणूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या ५०० पेक्षा कमी, ही केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णात तातडीची परिस्थिती समजली जाते आणि रक्ताचे कल्चर घेऊन शिरेतून अँटिबायोटिक लवकरात लवकर, शक्य तर पहिल्या तासातच, सुरू केले जाते. पेशी किती आहेत हे तुम्हाला घरी कळणार नाही, म्हणून एवढा ताप आला की रुग्णालय गाठायचेच. इथे एक गफलत वारंवार होते: घरात फ्लू आहे म्हणजे मुलीचा तापही फ्लूचाच, असे धरून पालक आणि कधीकधी गावातले डॉक्टरही निर्धास्त होतात. फ्लू पॉझिटिव्ह असलेल्या मुलाला त्याच वेळी रक्तात जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. किंबहुना फ्लूने खरवडलेल्या श्वासनलिकेत न्यूमोकोकस आणि स्टॅफिलोकोकस या जिवाणूंना घर करणे सोपे जाते. म्हणून फ्लूचा रिपोर्ट हाती असला तरी अँटिबायोटिक थांबत नाही. तापमान मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, कारण मग आम्हाला खरा आकडा कळत नाही. गुदद्वारातून तापमान घेणे किंवा तापाची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) ठेवणे या मुलांत पूर्णपणे टाळावे, कारण तिथल्या बारीकशा जखमेतूनही जिवाणू रक्तात जातात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड आणि ॲस्पिरिन ही तिन्ही औषधे तुमच्या घरातल्या मुलगी आणि भाचा या दोघांनाही नकोत: प्लेटलेट कमी असताना रक्तस्रावाचा धोका, मूत्रपिंडावर ताण, आणि ॲस्पिरिनच्या बाबतीत फ्लूनंतर मुलांमध्ये यकृत व मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण भयंकर विकार.

तपासणी जरूर करा, पण औषध तपासणीच्या मागे लावू नका. महाराष्ट्राला हा धडा २००९ मध्ये मिळाला आहे. त्या वर्षी ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि त्यानंतर नायडू रुग्णालयासमोर स्वॅबसाठी लागलेल्या रांगा पुणेकर अजून विसरलेले नाहीत. त्या रांगेत आजारी नसलेलेही उभे होते आणि खरोखर धोक्यात असलेलेही. पुढे केंद्र सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले आणि कर्करोग, एचआयव्ही किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांना सौम्य लक्षणे असली तरी ‘ब’ गटात घालून त्यांच्यासाठी तपासणीची अट न ठेवता ओसेल्टामिवीर देण्याची सूचना केली. हा नियम आजही शहाणपणाचा आहे. झटपट अँटिजेन तपासणी पॉझिटिव्ह आली तर ती मानावी, पण ती बऱ्याच खऱ्या रुग्णांना निसटू देते, त्यामुळे तुमच्या मुलीसारख्या रुग्णात तिच्या निगेटिव्ह निकालावर औषध बंद करू नये. आरटी-पीसीआर अधिक विश्वासार्ह आहे. न्यूमोनिया झालेल्या काही रुग्णांत नाकातला स्वॅब निगेटिव्ह आणि फुप्फुसातला नमुना पॉझिटिव्ह असेही घडते.

औषधाविषयी थोडे तपशिलात सांगतो, कारण मात्रेच्या चुका मी फार पाहतो. १५ किलोपेक्षा जास्त आणि २३ किलोपर्यंतच्या मुलांसाठी उपचाराची मात्रा ४५ मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा अशी असते. म्हणजे तुमच्या मुलीची मात्रा याच टप्प्यात येते, ती तिच्या डॉक्टरांकडून पक्की करून घ्या. सर्वसाधारण कोर्स पाच दिवसांचा असला तरी प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांत आम्ही तो बहुधा दहा दिवसांपर्यंत नेतो. पातळ औषध आणले तर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे हे बाटलीवर वाचून मगच मोजा आणि चमच्याऐवजी सिरिंज वापरा. पातळ औषध मिळालेच नाही तर कॅप्सूल उघडून तिची भुकटी साखरेच्या दाट पाकात कालवून देता येते. ती अतिशय कडू असते, त्यामुळे मुलगी तोंड फिरवणार हे गृहीत धरा. जेवणानंतर दिल्यास उलटीचे प्रमाण कमी होते. ४८ तासांच्या आत सुरू केले तर उपयोग जास्त, हे खरे. मात्र तुमच्या मुलीसारख्या रुग्णात तिसरा-चौथा दिवस उजाडला म्हणून औषध नाकारणे चूक आहे, कारण तिच्या शरीरात विषाणू निरोगी माणसापेक्षा कितीतरी जास्त दिवस वाढत राहतो. हे औषध जादू नाही. धडधाकट माणसात ते आजार सुमारे एका दिवसाने कमी करते, एवढेच. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांत ते लवकर मिळाल्यास न्यूमोनियाकडे जाणाऱ्यांचे प्रमाण कमी दिसते, असा आमचा अनुभव आणि रुग्णनोंदींवरून केलेल्या अभ्यासांचा सूर आहे, आणि दुष्परिणाम मुख्यतः उलटीपुरते असल्याने पारडे औषध देण्याकडेच झुकते.

भावाला आलेला फ्लू पाहून कुणी तुमच्या मुलीला ‘प्रतिबंधक’ म्हणून हेच औषध दिवसातून एकदा द्या असे सांगितले, तर ते स्वीकारू नका. एकदाची मात्रा ही लक्षणे नसलेल्या माणसासाठी असते. ज्याला लक्षणे सुरू झाली आहेत त्याला ती दिली, तर विषाणू मरत नाही, फक्त औषधाशी ओळख करून घेतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळणाऱ्या विषाणूत ओसेल्टामिवीरला दाद न देणारे बदल उपचार चालू असतानाच घडल्याची उदाहरणे ठाऊक आहेत. म्हणून दहा दिवसांचा उपचार चालू असूनही ताप किंवा खोकला हटत नसेल, तर पुन्हा पीसीआर करून झॅनामिवीरसारख्या दुसऱ्या औषधाचा विचार करावा लागतो. बॅलोक्झाव्हिर हे एकाच मात्रेचे औषध सोयीचे वाटते, पण त्यालाही विषाणू लवकर दाद देईनासा होतो, म्हणून प्रतिकारशक्ती फारच क्षीण असलेल्यांना ते एकटे देऊ नये असा सल्ला आहे.

मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्झेट या काळात चालू ठेवायचे की काही दिवस थांबवायचे, हा निर्णय सर्वस्वी तुमच्या कर्करोगतज्ज्ञांचा आहे. स्टिरॉइडच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मनावर ठसवून ठेवा: ती स्वतःहून कधीही एकाएकी बंद करायची नाहीत. नेफ्रोटिक सिंड्रोमची, म्हणजे लघवीवाटे प्रथिने गळून जाण्याचा मूत्रपिंडाचा आजार असलेली, मुले आमच्याकडे खूप असतात आणि त्यांचे पालक ‘स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती जाते’ हे ऐकून असल्याने ताप आला की आधी प्रेडनिसोलोन बंद करतात. महिनोन्महिने बाहेरून स्टिरॉइड घेतलेल्या शरीराची अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावर बसलेली, शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणारी ग्रंथी) झोपी गेलेली असते. ताणाच्या वेळी जे स्टिरॉइड तिने स्वतः ओतायला हवे ते ती ओतू शकत नाही, आणि मूल रक्तदाब उतरून गळून पडते. आजारपणात अशा मुलांची मात्रा उलट वाढवावी लागू शकते.

आता भाच्याकडे वळतो. त्याला लक्षणे नाहीत, पण तो त्याच छताखाली राहतो, म्हणून त्याच्यासाठी प्रतिबंधक मात्रा योग्य ठरते. ती संपर्क झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू करून साधारणतः सात ते दहा दिवस दिली जाते. दोन दिवस आधीच होऊन गेले असल्याने त्यानेही आजच आपल्या मूत्रपिंडतज्ज्ञांशी बोलावे. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी त्याची ताजी क्रिएटिनिन पातळी पाहून मात्रा ठरवावी लागते. ओसेल्टामिवीरचे टॅक्रोलिमसशी, म्हणजे प्रत्यारोपित मूत्रपिंड नाकारले जाऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाशी, भांडण नाही. भांडण असते ते खोकला थांबावा म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकशी. ते यकृतात टॅक्रोलिमसचा निचरा अडवते, रक्तातली पातळी भराभर चढते, हात थरथरू लागतात आणि वाचवायचे ते मूत्रपिंडच दुखावले जाते. जुलाब लागले तरीही ही पातळी वाढते, म्हणून अशा वेळी ती तपासून घ्यावी. विशीतल्या रुग्णांची माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे: लहान मुलांना आई असते, यांना हॉस्टेलमधला मित्र असतो. परीक्षेच्या दिवसांत ‘साधी सर्दी आहे’ म्हणून ते आठवडाभर अंगावर काढतात, किंवा कुणाच्या सांगण्यावरून प्रत्यारोपणाच्या गोळ्या चार दिवस बंद ठेवतात आणि मग मूत्रपिंड नाकारले जाण्याच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहतात.

गुळवेलीच्या काढ्याचा प्रश्न इथेच सोडवतो. भाच्याच्या शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून डॉक्टर रोज दोन-तीन महागडी औषधे देऊन त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवत आहेत. अशा वेळी ती ‘वाढवणारे’ काही पाजण्याचा हेतू तरी काय? काढ्याचा तसा परिणाम होत नसेल तर तो निरुपयोगी आणि होत असेल तर घातक. शिवाय कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते, आणि तुमच्या मुलीचे यकृत मर्कॅप्टोप्युरिन व मेथोट्रेक्झेट यांचा भार आधीच वाहते आहे. गरम वरण-भात, ताजे शिजवलेले अन्न आणि भरपूर पाणी द्या. वाफाऱ्याचे उकळते पातेले मुलांसमोर ठेवू नका. पातेले कलंडून मांड्या भाजलेली मुले मी पाहिली आहेत, आणि वाफेने फ्लूचा विषाणू मरत नाही.

लसीबद्दल तुम्ही ऐकले त्यात अर्धे सत्य आहे. केमोथेरपी चालू असताना जिवंत विषाणूच्या लसी देत नाहीत, हे बरोबर. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूसाठी नाकात फवारायची जी लस आणली ती या प्रकारची, म्हणजे जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची होती. अशी नाकातली लस तुमच्या मुलीला किंवा भाच्याला चालणार नाही. टोचायची फ्लूची लस मात्र मारलेल्या विषाणूच्या तुकड्यांची असते. तिच्याने फ्लू होऊच शकत नाही, आणि ती मेन्टेनन्समध्ये देता येते एवढेच नव्हे, तर द्यायलाच हवी. पेशी बऱ्या असतील असा दिवस त्यासाठी निवडावा. सहा महिने पूर्ण झाल्यापासून नववा वाढदिवस होईपर्यंत ज्या मुलाला ही लस प्रथमच दिली जाते त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, नंतर दरवर्षी एक. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर साधारण सहा महिने थांबावे लागते, आणि रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी कमी करणारे औषध दिलेल्या रुग्णात पुढचे सुमारे सहा महिने लसीचा फारसा उपयोग होत नाही. केमो घेणाऱ्या मुलाचे शरीर लसीला निरोगी मुलाइतका प्रतिसाद देत नाही, हे मी लपवणार नाही. म्हणूनच तुम्ही, तुमचे यजमान, आजी-आजोबा आणि बरा झाल्यावर मोठा मुलगा, अशा सगळ्यांनी लस घेणे तिच्यासाठी तिच्या स्वतःच्या लसीइतकेच मोलाचे आहे. मुलाला आत्ताच फ्लू झाला असला तरी लसीत इतर प्रकारही असतात, त्यामुळे ती वाया जात नाही.

वेळही महत्त्वाची. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्याबरोबर येते आणि जानेवारी ते मार्चमध्ये आणखी एक लहान लाट दिसते, म्हणून मे महिन्यात, शाळा सुरू होण्याआधी लस घेतलेली उत्तम. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. चार विषाणूंची लस हवी की तीनची, यावर दुकानात वेळ घालवू नका. फ्लूच्या बी विषाणूचा यामागाता हा वंश मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही, त्यामुळे तीनची लस पुरेशी आहे. गडचिरोली, नंदुरबार आणि विदर्भातल्या सिकलसेलच्या मुलांचे पालक हे वाचत असतील तर त्यांनाही हेच लागू आहे. त्या मुलांची प्लीहा निकामी झालेली असते, फ्लूमुळे फुप्फुसांचा गंभीर झटका येऊ शकतो, आणि त्यांना फ्लूसोबत न्यूमोकोकसची लसही हवी. एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधे) नियमित घेऊन सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी चांगल्या राखलेल्या एचआयव्हीबाधित मुलांचा धोका त्यामानाने बराच कमी असतो, पण लस त्यांनाही दरवर्षी द्यावी.

आता पुढच्या दोन आठवड्यांचे. मोठ्या मुलाला वेगळ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून झोपवा, आणि तो व मुलगी एकाच खोलीत येणार असतील तर दोघांनाही मास्क लावा. त्याचा ताप औषधाशिवाय २४ तास उतरलेला राहिला की तो शाळेत जाऊ शकेल, तरी बहिणीपासून आणखी काही दिवस दूर ठेवा, कारण मुले दहा-दहा दिवसही विषाणू बाहेर टाकत असतात. मुलीच्या बाबतीत हा काळ कितीतरी लांबू शकतो. म्हणून पुढच्या केमोच्या तारखेला नेहमीसारखे डे-केअरच्या बाकावर जाऊन बसू नका. आदल्या दिवशी सिस्टरना फोन करून ‘फ्लू झाला होता, औषधाचा अमुक दिवस आहे’ असे सांगा, म्हणजे त्या तुम्हाला वेगळ्या दाराने, वेगळ्या खोलीत घेतील. त्या बाकावर शेजारी बसलेल्या मुलाचे कदाचित गेल्याच महिन्यात अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले असेल.